लोकोपचार व गावगाड्यातील वस्तू, महाराष्ट्रातील

महाराष्ट्रातील शेतकरी, शेतमजूर, मेंढपाळ, मच्छीमार व इतर ग्रामीण श्रमजीवी लोक रोजच्या दुखण्यांवर जे घरगुती किंवा गावातच मिळणारे उपचार करीत आले आणि श्रमासाठी व संसारासाठी गावात तयार झालेल्या ज्या वस्तू वापरीत आले, त्यांचा हा संक्षिप्त इतिहास आहे. उपचार व वस्तू यांचा विचार सामान्यतः वेगवेगळा केला जातो. पहिला विषय वैद्यकाच्या, तर दुसरा ग्रामोद्योगांच्या इतिहासात येतो. प्रत्यक्षात दोहोंचा पाया एकच होता. शिवारात, रानात व गोठ्यात जे उपलब्ध होते त्यातूनच दोन्ही निर्माण झाले. बाभळीच्या सालीने कातडे कमावले जाई व तिच्याच काढ्याने दुखऱ्या हिरड्यांसाठी गुळण्या केल्या जात. हिरडा चर्मकाराला लागे, तसाच तो बाळगुटीतही उगाळला जाई. एरंडाचे तेल दिव्यात जळे, गाडीच्या आसाला वंगण म्हणून लागे व पोट साफ होण्यासाठी पोटातही घेतले जाई. या सर्व सामग्रीचे खरे मोल ती हाताशी असण्यात होते. तथापि ती हाताशी राहावी म्हणून समाजातील काही जातींना कोणती किंमत द्यावी लागली आणि प्राणघातक दुखण्यात ती कितपत उपयोगी पडली, या दोन प्रश्नांना वगळून तिचे मूल्यमापन करता येत नाही.

वस्तुनिर्मितीची व्यवस्था : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत दख्खनच्या गावातील बहुतेक नित्योपयोगी वस्तू बलुतेदारी व्यवस्थेतून मिळत. बारा बलुतेदारांची यादी प्रदेशपरत्वे बदलते; परंतु सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, महार व मांग ही नावे बहुतेक याद्यांत आढळतात. कारागिराला प्रत्येक वस्तूची वेगळी किंमत न देता सुगीच्या वेळी खळ्यावर पेंढ्या व धान्य यांच्या रूपाने वार्षिक मोबदला, म्हणजे बलुते, दिले जाई. टॉमस कोट्स या शल्यवैद्याने पुण्याजवळील लोणी गावाविषयी लिहिलेला वृत्तांत १८२३ मध्ये मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. पेशवाईच्या अस्तानंतर लगेचच्या काळातील गावकऱ्यांची घरे, कपडे, भांडी व अवजारे यांची माहिती त्यात मिळते. त्यानंतर सु. शंभर वर्षांनी, १९१५ मध्ये त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. महसूल खात्यातील प्रत्यक्ष अनुभवावर आधारलेल्या या ग्रंथात ही व्यवस्था तिच्या पडत्या काळात कशी चालत होती, याचे बारकाईने वर्णन आढळते.

श्रमाच्या वस्तूंत लोहाराची व सुताराची कामे प्रथम येतात. नांगर, वखर, पाभर व गाडी यांचे लाकूडकाम सुतार करी. फाळ, पास, विळे, खुरपी, कुदळी व कुऱ्हाडी लोहार घडवी आणि झिजलेली अवजारे दर हंगामात शेवटून देई. अवजाराचा बांधा मातीप्रमाणे ठरत असे. काळ्या भारी जमिनीचा नांगर मावळातील हलक्या जमिनीच्या नांगरापेक्षा मोठा व जड असे आणि तो ओढण्यास अनेक बैलजोड्या लागत. दोर, कासरे, दावी, शिंकी व मोटेचा नाडा ही कामे मुख्यत्वे मांग समाजाकडे होती. त्यांसाठी अंबाडीचा वाख व घायपाताचे तंतू वापरले जात. मोट, आसूड व वहाणा चामड्याच्या असत. ढोर कारागीर कातडे पिशवीसारखे शिवून त्यात बाभळीची साल व हिरडा यांचे पाणी भरीत आणि ते टांगून ठेवून कमावीत. या कातड्यापासून चांभार जाड तळाच्या वहाणा तयार करी. काट्याकुट्यांतून चालणाऱ्या शेतकऱ्याला टिकाऊपणा महत्त्वाचा होता. कोल्हापुरी चपला या नावाने पुढे प्रसिद्धीस आलेला प्रकार याच परंपरेतील असून महाराष्ट्र व कर्नाटक यांतील जिल्ह्यांना मिळून त्यासाठी २०१९ मध्ये भौगोलिक उपदर्शन नोंदणी मिळाली.

घोंगडी ही देशावरील श्रमिकाची बहुगुणी वस्तू होय. धनगर मेंढ्यांची लोकर कातरून सूत काढीत व सणगर ते खड्डामागावर विणीत. ताण्याला चिंचोक्याची खळ दिल्याने धागा ताठ व मजबूत होई. पावसात खोळ, थंडीत पांघरूण, रात्री अंथरूण आणि प्रसंगी धान्याचे ओझे बांधण्याचे साधन, अशी तिची अनेक कामे होती. अतिपावसाच्या कोकणात व मावळात घोंगडीच्या जोडीला इरले असे. बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यावर पळसासारखी रुंद पाने बसवून केलेले इरले डोक्यावरून पाठीपर्यंत येई. त्यामुळे भाताची लावणी करताना वाकलेल्या बाईचे दोन्ही हात मोकळे राहत. कुंभाराची घागर व रांजण, बुरुडाची सुपे, टोपल्या व कणग्या, तेल्याच्या घाण्यावरील करडई, तीळ व जवस यांची तेले या वस्तूही त्याच परिसरातून येत. गाव मात्र पूर्णतः स्वयंपूर्ण नव्हते. मीठ कोकणच्या मिठागरांतून येई, कच्चे लोखंड बाहेरून येई, तर सुया, बांगड्या, हिंग व मसाले आठवड्याच्या बाजारातून किंवा जत्रेतून घेतले जात.

घरगुती व स्थानिक उपचार : या उपचारांचे स्वरूप श्रमाच्या स्वरूपाशी जुळलेले होते. उन्हात, चिखलात व अनवाणी करावयाच्या कामातून जी दुखणी उद्भवत, त्यांच्यावर उपाय अधिक होते. भात लावणाऱ्यांच्या बोटांच्या बेचक्यांत पडणाऱ्या चिखल्यांवर मेंदी वाटून लावीत. टाचांच्या भेगांत कोकणात आमसुलाचे, म्हणजे भिरंडाचे, तेल भरीत. काटा मोडल्यास रुईचा चीक लावीत किंवा बिब्ब्याचा चटका देत. विळा लागून झालेल्या जखमेवर हळद दाबीत वा दगडीपाल्याचा रस पिळीत. ओझ्याने अवघडलेल्या कंबरेला व सांध्यांना निर्गुडीच्या पाल्याचा शेक दिला जाई. किनारपट्टीवर उंडीचे तेल संधिवातासाठी चोळीत. खोकल्यावर अडुळशाचा रस, पोटदुखीवर ओवा व हिंग, आमांशावर कुड्याची साल, जंतांवर वावडिंग व पळसाचे बी, तापात किराईत व गुळवेल यांचा काढा, हे उपाय सर्वत्र परिचित होते. अर्भकासाठी हिरडा, वेखंड, मुरडशेंग, मायफळ, जायफळ इ. द्रव्ये सहाणेवर ठरावीक वळसे उगाळून गुटी दिली जाई. बाळंतिणीसाठी शेक, शेपा, डिंक व अळीव यांची योजना असे. गुरांचीही दुखणी घरीच पाहिली जात. त्यांच्या जखमांवर माश्या बसू नयेत म्हणून डिकेमाली लावण्याचा प्रघात होता. बैल आजारी पडणे म्हणजे शेतीचा हंगाम हातचा जाणे, त्यामुळे या उपचारांना घरातील माणसांच्या उपचारांइतकेच महत्त्व असे.

या ज्ञानाचे वाहक अनेक होते. घरातील वृद्ध स्त्रिया, सुईणी, हाड बसविणारे, जळवा व तुंबड्या लावणारे न्हावी, जडीबुटी घेऊन फिरणारे वैदू व रानाशी निकटचा संबंध असलेले ठाकर, कातकरी, भिल्ल, गोंड इ. आदिवासी यांचा त्यांत समावेश होतो. संस्कृत ग्रंथांतील आयुर्वेद व हे लोकोपचार यांत देवाणघेवाण होती. परंतु ते एकच नव्हते. ग्रंथात नसलेल्या अनेक वनस्पती लोकव्यवहारात होत्या. ही परंपरा स्थिर व अपरिवर्तनीय होती असे मानणेही योग्य नाही. जखमेवर सर्रास वापरला जाणारा दगडीपाला व दोरासाठी लावलेले घायपात या दोन्ही वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातील आहेत. मिरची, भुईमूग व तंबाखू यांचेही तसेच. बाहेरून आलेली वस्तू बांधावर रुजली व उपयोगी ठरली, की ती काही पिढ्यांतच ‘पूर्वापार’ ठरत असे.

आधुनिक काळात यांपैकी काही द्रव्यांची प्रयोगशाळेत परीक्षा झाली. कुड्याच्या सालीतील अल्कलॉइडे अमीबाजन्य आमांशावर वापरून पाहण्यात आली. अडुळशातील व्हॅसिसीन या द्रव्याच्या अभ्यासातून ब्रोमहेक्सीन हे कफ पातळ करणारे औषध पुढे आले. सर्पगंधेविषयी मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधामुळे रक्तदाबावरील तिच्या उपयोगाकडे जगाचे लक्ष वेधले गेले. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणाबद्दल अमेरिकेत १९९५ मध्ये देण्यात आलेले एकस्व रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिल्यावर १९९७ मध्ये रद्द झाले. हा गुण पूर्वीपासून ज्ञात होता, हे त्या वेळी लेखी पुराव्यांनी सिद्ध करावे लागले. शेतात हळद दाबणाऱ्या मजुराचा अनुभव केवळ मौखिक राहिला असता, तर तो तेथे पुरावा म्हणून पुरेसा ठरणे अवघड होते.

मर्यादा व सामाजिक किंमत : नित्याच्या व आपोआप बऱ्या होणाऱ्या दुखण्यांत हे उपचार आराम देत, प्राणघातक दुखण्यांत ते बहुधा निष्फळ ठरत. देवी, पटकी, प्लेग, क्षय व हिवताप यांच्यापुढे गावाजवळ खरा उपाय नव्हता. सर्पदंशावर मंत्र, मोहरा व पाला यांचा अवलंब होई. बिनविषारी साप चावलेला माणूस वाचला, की उपायाची ख्याती वाढे. विषारी दंशात मात्र मोलाचा वेळ वाया जाई. नारू हे पाण्याशी निगडित दुखणे होते. पायविहिरीत उतरून पाणी भरणाऱ्यांच्या पायांतील जखमांतून नारूची पिले पाण्यात पडत व तेच पाणी पिणाऱ्यांना पुन्हा बाधा होई. बाहेर येणारा कृमी काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढून काढण्याची कला गावात होती. परंतु रोग पाण्यातून येतो हे ठाऊक नसल्याने तो दरवर्षी परत येई आणि शेतमजूर ऐन हंगामात आठवडेच्या आठवडे जायबंदी होई. बाळंतपणात नाळ विळ्याने कापण्याच्या व तिला राख वा शेण लावण्याच्या प्रथेमुळे अनेक अर्भके धनुर्वाताने दगावत. बिब्बा उतल्याने कातडीवर फोड येणे, हेही नेहमीचे होते.

वस्तूंच्या बाबतीत मर्यादा वेगळ्या प्रकारची होती. ज्या हातांनी मोट शिवली, त्या हातांना विहिरीला स्पर्श करण्याची मुभा नव्हती. मेलेले जनावर ओढणे, कातडे सोलणे व कमावणे ही कामे ज्यांच्यावर जन्माने लादली गेली, त्यांच्या श्रमावाचून शेतीतील पाणीपुरवठा चालत नव्हता. तरीही त्यांना गावकुसाबाहेर राहावे लागे. सवर्णांच्या घरी बाळंतपण करणारी मांगीण काम संपताच पुन्हा अस्पृश्य ठरे. बलुते हा करार दिसत असला, तरी त्यात नकार देण्याची सोय कनिष्ठ मानलेल्या जातींना नव्हती. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनी १९२७ च्या महाड येथील परिषदेत मृत जनावरांचे मांस खाणे सोडण्याचे आवाहन केले आणि १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनविषयक कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. महार वतनासह कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ मध्ये झाला. गावगाड्याच्या मोडण्याबद्दल हळहळ व्यक्त करणाऱ्या लेखनात ही बाजू अनेकदा अनुल्लेखित राहते. ज्यांनी ही कामे सोडली त्यांच्या दृष्टीने ते एका कलेचे मरण नसून सुटका होती.

औद्योगिक मालाचा प्रवेश : मुंबई ते ठाणे हा लोहमार्ग १८५३ मध्ये सुरू झाला व १८६३ मध्ये बोरघाटातून गाडी धावू लागली. त्यानंतर विलायती व पुढे मुंबई, सोलापूर येथील गिरण्यांचे कापड देशावरील बाजारांत स्वस्त दराने पोहोचू लागले. कृत्रिम रंगांच्या प्रसारामुळे आलाच्या मुळांपासून व नीळ यांपासून रंग काढणाऱ्या रंगाऱ्यांचा व्यवसाय बसला. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात यंत्रनिर्मित विलायती मालामुळे येथील विणकर व इतर कारागीर उपासमारीच्या अवस्थेला पोहोचल्याचे सांगितले आहे. जंगल खात्याच्या निर्बंधांमुळे शेतकऱ्यांच्या गुरांची चराई बंद झाल्याची तक्रारही त्यात आहे. १८७८ च्या वनविषयक कायद्याने राखीव झालेल्या रानांतून लाकूड, साल, पाने व औषधी मुळे आणणे हा पूर्वीचा वहिवाटीचा हक्क न राहता परवान्याचा विषय बनला. मिठावरील करामुळे गरिबाच्या जेवणातील व औषधातील या साध्या पदार्थाचीही किंमत वाढली होती. १९३० मध्ये शिरोडे येथे झालेल्या मिठाच्या सत्याग्रहामागे ही रोजची झळ होती. हा कर १९४७ मध्ये रद्द झाला.

तथापि नव्या मालाचा स्वीकार केवळ सक्तीने झाला असे नाही. मांजरपाट स्वस्त व हलका होता. रॉकेलची चिमणी तेलाच्या पणतीपेक्षा अधिक उजेड देई आणि रिकामा झालेला रॉकेलचा डबा पाणी भरण्यास, धान्य ठेवण्यास व पत्रा म्हणून उपयोगी पडे. गावच्या कारागिरानेच त्या पत्र्यातून चिमण्या, गाळण्या व मापे घडविली. औषधांच्या बाबतीत बंगालमध्ये १८९२ पासून टपाल कार्यालयांतून क्विनीनच्या पैशाला मिळणाऱ्या पुड्या विकण्यास प्रारंभ झाला व पुढे इतर प्रांतांतही ही पद्धत आली. हिवतापावरील खरे औषध खेड्याजवळ नेण्याचा हा महत्त्वाचा प्रयत्न होता. देशी औषधेही या काळात कारखान्यांत तयार होऊ लागली. पनवेल येथील धूतपापेश्वर कारखाना १८७२ मध्ये निघाला. मुंबईत १८९३ मध्ये के. नागेश्वर राव यांनी सुरू केलेले अमृतांजन डोकेदुखीवरील मलम म्हणून घराघरांत पोहोचले. शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘आर्यभिषक्’ व डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘औषधीसंग्रह’ यांसारख्या ग्रंथांनी वनस्पतींची माहिती साक्षर कुटुंबांपर्यंत नेली. त्याबरोबरच सर्व रोगांवर एकच रामबाण उपाय सांगणाऱ्या जाहिरातींचेही पेव फुटले. त्यांना आळा घालण्यासाठी १९५४ मध्ये औषधे व जादूटोण्याचे उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम संमत झाला आणि १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदीय व युनानी औषधांची निर्मितीही औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली.

स्वदेशी कारखाने व ग्रामोद्योग : विसाव्या शतकाच्या प्रारंभी ग्रामीण श्रमिकाला डोळ्यांसमोर ठेवून वस्तू बनविणारे कारखाने महाराष्ट्रात निघाले. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानातील माळावर किर्लोस्करवाडी वसविली व तेथे लोखंडी नांगर, कडबा कापण्याची यंत्रे व उसाचे चरक तयार केले. लोखंडाने जमीन बिघडते या समजुतीमुळे प्रारंभी नांगराला गिऱ्हाईक मिळेना. शेतात प्रत्यक्ष चालवून दाखविल्यानंतरच तो रूढ झाला. तळेगाव येथे पैसा फंडाच्या साहाय्याने १९०८ मध्ये काच कारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळे यांनी सामान्य लोकांकडून पैसा पैसा गोळा करून हा निधी उभारला होता. कऱ्हाडजवळील ओगलेवाडीस १९१६ मध्ये निघालेल्या ओगले काच कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील मराठी मुलखातील गोठ्यांत, मळ्यांत व बैलगाड्यांखाली दीर्घकाळ तेवत राहिला. इचलकरंजीत १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आला. या उद्योगांचे वैशिष्ट्य असे, की त्यांनी वस्तूची दुरुस्ती व सुटे भाग गावाजवळ मिळतील याची काळजी घेतली. बाहेरचा माल व गावची गरज यांच्यामधील अंतर त्यामुळे काही प्रमाणात भरून निघाले.

दुसरा प्रयत्न महात्मा गांधींच्या प्रेरणेने वर्ध्यात झाला. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना होऊन मगनवाडी हे त्याचे केंद्र बनले. जे. सी. कुमारप्पा यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, हातकागद, साबण, मधमाशीपालन व चर्मोद्योग यांवर प्रयोग झाले. रॉकेलऐवजी खाद्येतर वनस्पतितेलावर जळणारा मगनदीप हे त्यांपैकी एक उदाहरण होय. जन्माने नेमून दिलेले काम व रोखीच्या बाजारातील असहायता या दोहोंऐवजी स्वेच्छेने शिकलेले व सुधारलेल्या साधनांनी केलेले ग्रामीण उत्पादन, ही त्यामागील कल्पना होती. पुढे १९५७ मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोग स्थापन झाला. प्रत्यक्षात या मालाला शहरातील सुस्थितीतील ग्राहक अधिक मिळाला. शेतमजुराने मात्र गिरणीचे कापड, ॲल्युमिनियमची व नंतर प्लॅस्टिकची भांडी पसंत केली, कारण त्याच्या रोख मजुरीत तीच बसत होती. विजेचे व डीझेलचे पंप आल्यावर मोट गेली आणि तिच्याबरोबर चांभार, मांग व सुतार यांची बांधीव कामेही गेली.

आरोग्यसेवा व परंपरेचे पुनर्मूल्यमापन : स्वातंत्र्योत्तर काळात १९५२ पासून समूह विकास कार्यक्रमांतर्गत प्राथमिक आरोग्य केंद्रे उभारण्यास सुरुवात झाली, पण अंतर, पावसाळ्यातील रस्ते व बुडणारी मजुरी यांमुळे ती अनेकांना दूरच राहिली. या अडचणीवरील उपाय महाराष्ट्रातच काही ठिकाणी शोधला गेला. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सुरू केलेल्या प्रकल्पात गावातीलच, बहुधा निरक्षर व अनेकदा दलित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. या दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत नवजात बालकांची घरीच शास्त्रशुद्ध काळजी घेण्याची पद्धत राबविली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा तेथील नवजात मृत्युप्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. बाळंतिणीच्या घरी जाणारी गावातलीच बाई ही जुन्या परंपरेतील व्यक्ती येथे कायम राहिली. तिच्या हातातील साधन व ज्ञान बदलले. २००५ नंतरच्या ‘आशा’ कार्यकर्त्यांच्या योजनेतही हेच तत्त्व दिसते.

जुलाबांवर तांदळाची पेज मीठ घालून पाजण्याच्या जुन्या रिवाजाची उपयुक्तता याच काळात अधिक स्पष्ट झाली. १९७१ मध्ये बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज व क्षार यांचे पाणी तोंडाने देऊन पटकीतील मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आणले. पुढील प्रयोगांत तांदळाच्या पिठावर आधारलेले क्षारपाणीही परिणामकारक आढळले. याउलट दुखणेकऱ्याला पाणी तोडण्याची तितकीच जुनी प्रथा घातक ठरली. कोकणात विंचूदंश हे शेतात व पेंढ्यात काम करणाऱ्यांचे हमखास दुखणे होते. लाल विंचवाच्या गंभीर विषबाधेत रुग्णालयात आलेल्या रुग्णांपैकीही २५ ते ३० टक्के दगावत. महाड येथे काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसीन या स्वस्त गोळीचा उपयोग सिद्ध केल्यावर हे प्रमाण फारच खाली आले. विहिरींच्या पायऱ्या बंद करणे, पाणी गाळून पिणे व जलशुद्धी या साध्या उपायांनी नारूही हटला. भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला व २००० मध्ये देश नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरविला आहे. पाला लावणे वा काढा घेणे यांवर मात्र त्यात बंदी नाही.

या दीर्घ प्रवासात जे टिकले ते जुने म्हणून टिकले नाही व जे गेले ते केवळ निकृष्ट म्हणून गेले नाही. हळद, ओवा, अडुळसा व निर्गुडी आजही वापरात आहेत, कारण त्या अल्पमोलाने व तत्काळ मिळतात. घोंगडी व इरले श्रमिकाच्या पाठीवरून उतरून हौशी ग्राहकांकडे व संग्रहालयांत गेली, कारण प्लॅस्टिकचा कागद अधिक हलका व स्वस्त आहे. वैदू व आदिवासी जाणकारांकडील वनस्पतिज्ञान मात्र पुरेशी नोंद व परीक्षा होण्यापूर्वीच त्या त्या पिढीबरोबर लोप पावत आहे. दुखऱ्या टाचेचा, गळक्या छपराचा व विषारी दंशाचा प्रश्न सोडविणारी वस्तू श्रमिकाला त्याच्या मजुरीत, त्याच्या गावात व वेळेवर मिळते किंवा नाही, ही कसोटी गावगाड्याच्या काळात होती आणि कारखाने व रुग्णालये यांच्या काळातही तीच लागू पडते. गावगाड्याने ती अंशतः पूर्ण केली, पण जन्मजात सक्तीच्या आधारावर. ही सक्ती वगळून तीच समीपता साधण्याचे कार्य त्यानंतरच्या प्रत्येक सुधारणेपुढे राहिले आहे.